उपासाला चालणारी गोळी

माझे मोठे दीर कोपरीला राहतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच उद्योग उरलेत, उपास करणं आणि लोकांना अक्कल शिकवणं. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी या दोन्हींची सांगड घातली. दर संकष्टीला टिटवाळ्याला जायचं, तेही निर्जळी, आणि निघण्याआधी वेदनाशामक गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळायची. म्हणजे निर्जळीतलं तेवढं पाणी देवाला चालतं, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं.

"अहो, निदान थोडी खिचडी तरी खा त्यावर," जाऊबाई दर वेळी म्हणायच्या.

"गोळी म्हणजे अन्न नाही. तिने उपास मोडत नाही," दीर म्हणायचे. "आणि पोट रिकामं असलं की ती थेट गुडघ्याला लागते. सगळ्यांना ठाऊक असतं हे."

गोळी पोटातून गुडघ्यात कुठल्या वाटेने उतरते हे त्यांनाच माहीत. हा माणूस डॉक्टरकडे जायचा नाही, कारण डॉक्टर लुटतात. मेडिकलवाल्याने कधी विचारलं, "काका, रोज घेता का?" तर त्यालाच झापायचे. पोटात जळजळ व्हायला लागली, तर म्हणे उपासाने शरीर शुद्ध होतंय. शी काळी व्हायला लागली. ते तर डॉक्टरांनी विचारेपर्यंत त्यांनी कोणाला सांगितलंच नाही.

अंगारकीला मीही त्यांच्याबरोबर गेलेले. जाऊबाईंनीच बोलावलेलं. त्यांना एकटीला दिरांचं प्रवचन सोसवत नव्हतं. रांगेत पुढच्या एका अनोळखी बाईंची कंबर दुखत होती. दिरांनी लगेच चष्म्याच्या डबीतून गोळ्यांची पट्टी काढली. "घ्या, रिकाम्या पोटीच घ्या, बघा कशी..." वाक्य अर्धंच राहिलं. चेहरा पांढरा पडला, अंगाला दरदरून घाम फुटला आणि ते मटकन खाली बसले. मग उलटी झाली, कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट.

"पित्त आहे," तोंड पुसत म्हणाले. त्या अवस्थेतही निदान स्वतःच केलं!

आम्ही त्यांना रिक्षात कोंबलं आणि कल्याणच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, किती गोळ्या घेता?"

"कधीतरी. फारच दुखलं तर."

"रोज," जाऊबाई म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ. गणपतीपासून."

खाटेवरून त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू हे दुखणं तिनेच आणलंय. जाऊबाईंनी नजर हटवली नाही. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहत होते.

दुर्बिणीतून जठरात जखम दिसली. रक्तस्राव थांबवावा लागला, रक्त चढवावं लागलं. घाबरून मीच विचारलं, "निदान बिस्किट खाऊन घेतल्या असत्या तर?"

"खाऊन घेतल्या की पोटाला जरा कमी त्रास होतो, इतकंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण महिनोन्‌महिने रोज दोनदा घेतल्यावर बिस्किट काय करणार? असल्या गोळ्या आता यांना पूर्ण बंद."

दीर सुधारले. तब्येतीने, म्हणजे. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायला लागले, "रिकाम्या पोटी गोळी कधी घेऊ नये. मी पहिल्यापासून सांगत आलोय." मी चहाचा कप तोंडाला लावून खिडकीबाहेर बघायचे.

एकदा शेजारचे गृहस्थ आलेले, मान आखडली म्हणून कुरकुरत होते. दिरांनी डबी उघडली. त्यात अजून पट्टी होतीच! "ही घेऊन जा. माझ्या काही कामाची नाही आता. पोटभर जेवून घ्या, म्हणजे काही होत नाही."

जाऊबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी त्या गृहस्थांच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि सगळ्यांदेखत केराच्या डब्यात टाकली.

"अगं, चांगल्या गोळ्या आहेत त्या!"

"असू देत," त्या म्हणाल्या, आणि पाहुण्यांना विचारलं, "मान शेकायला गरम पाण्याची पिशवी देऊ का?"