कुजबुजलेल्या कवितेला वन्स मोर

आज शेपूची जुडी सोडली आणि त्या वासासरशी मी थेट अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाच्या जुन्या काव्यवाचनात! शेजारची रशियन निनामावशी शेपू घातलेलं बटाट्याचं सॅलड घेऊन आली होती. तीही माईकपाशी गेली, हातात कागद नव्हता.

"सोव्हिएत काळात आमच्या एका कवयित्रीची ही कविता घरात सापडली, तर अटक व्हायची," ती इंग्रजीत म्हणाली. "आईने कानात कुजबुजून पाठ करून घेतली."

तिने ती हळूच म्हटली. आम्हाला एक शब्द कळला नाही, पण अंगावर काटा आला! मागून एक काका ओरडले, "वन्स मोर!" मग सगळा हॉलच ओरडला.

निनामावशीने दचकून दाराकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं, लाजली. आज ते पाहणं कळतं.

मग तिने माईक जवळ ओढला आणि तीच कविता खणखणीत आवाजात म्हटली.