हाकेला येणारा सोंड्या

सोंड्या आज दुपारी मेला.

माणूस नव्हता. ज्यांना हसायचंय त्यांनी आधी मला अनफ्रेंड करा, मग हसा.

सोंड्या म्हणजे आमच्या वाइल्डलाइफ पार्कमधला कोआटी. मूळचा साउथ अमेरिकेचा, रकूनचा चुलतभाऊ. सतत हलणारं लांब नाक, आणि चालताना अँटेनासारखी उभी असणारी पट्ट्यापट्ट्यांची शेपूट.

बोर्डावर त्याचं नाव वेगळं होतं. सोंड्या हे माझ्या मैत्रिणीने, सिल्वियाने ठेवलेलं.

मी युनी अर्ध्यात सोडून इथे पिंजरे धुवायला लागलो, तेव्हा आमच्या पेंडल हिलच्या घरात बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आई बोलायची. "लोकांची मुलं डिग्री घेऊन येतात, आमचा वास घेऊन येतो."

बघायला आली ती फक्त सिल्विया.

कुंपणापाशी उकिडवी बसली आणि हाक मारली, "येऽऽ रे सोंड्या, येऽऽ!" तिची वसईची मावशी कोंबड्यांना बोलावते, त्याच सुरात.

आणि हा आला! माझ्याकडे ढुंकून न बघणारा, शेपूट वर करून धावत आला.

आमची हेड कीपर ग्लेनिस म्हणाली, "दॅट्स हिज कॉल नाऊ, मेट."

मग मी तो सूर शिकलो. नियम एकच. हाक मारली की अंडं द्यायचंच. पकडायला, सुई टोचायला ती हाक वापरायची नाही. एकदा फसवलं की तो पुन्हा येणार नाही.

नंतर सिल्वियाला दूर डार्विन शहरातल्या हॉस्पिटलात जॉब लागला.

"तूही चल ना. तिकडेही प्राणी असतात रे."

"मग त्यांच्याशीच बोल," मी म्हणालो.

त्यानंतर आम्ही बोललोच नाही.

लोक पिंजऱ्यापाशी विचारायचे, हा एकटाच का? मी सांगायचो, माद्या आणि पिल्लं कळपात राहतात, नर मोठा झाला की त्याला बाहेर काढतात. सवय होते त्याला.

लोकांना पटायचं.

आज व्हेट आली. सोंड्याच्या किडन्या संपल्या होत्या, त्याला आणखी त्रास द्यायचा नाही, सुई देऊन झोपवायचं असं ठरलं होतं. तो लाकडी खोक्याच्या पार आतल्या कोपऱ्यात जाऊन बसलेला.

ग्लेनिस म्हणाली, "आज हाक वापर. पण अंडं आधी."

मी हाक मारली. परत मारली. माझा आवाज, नेहमीसारखाच भांडल्यासारखा. नाकसुद्धा बाहेर आलं नाही.

"वी'ल हॅव टू नेट हिम, मेट."

म्हाताऱ्याला शेवटच्या दिवशी जाळ्यात गुंडाळायचं. घाबरवून, ओरडायला लावून.

मी सिल्वियाला फोन लावला.

हॅलो नाही. सरळ, "काय झालं?"

"सोंड्याला हाक मार. प्लीज. स्पीकरवर आहेस."

मागे कुठेतरी ट्रॉली खडखडत गेली. मग आवाज आला.

"येऽऽ रे सोंड्या, येऽऽ."

आधी नाक. मग हळूहळू अख्खा सोंड्या. शेपूट उभी करायला गेला, अर्धीच झाली.

फोन हुंगला. फोनच्या मागे बघितलं. मग माझ्या मांडीत येऊन तळहातावरचं अंडं चाटायला लागला. तो चाटत असतानाच व्हेटने तिचं काम केलं.

फोन चालूच होता.

"गेला?"

"हं."

"अंडं खाल्लं?"

"खाल्लं. पिवळं तेवढं."

मी चिकट तळहात पँटला पुसला.

"आणि तू? जेवलास?"

"हो." नव्हतो जेवलो.

"बरं. शिफ्ट आहे रे. ठेवते."

ठेवला.

सोंड्या, हाकेने तुला शेवटपर्यंत फसवलं नाही. तू आलास, अंडं मिळालं.

सवय होते म्हणून मी लोकांना सांगायचो ना, ते मात्र खोटं होतं. सॉरी यार.

जा आता. माझ्याकडून निरोप.

आणि तिच्याकडूनही.