बाबांच्या रायफलचा नंबर

टेक्सासमधल्या प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळींत डॉक्टरकाकांइतका घाबरट माणूस दुसरा नव्हता. चार जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे फटाके सुरू झाले की ते टीव्हीचा आवाज वाढवून बसत. आणि याच गृहस्थांच्या घरी, काचेच्या कपाटात, सैन्यातल्या अकरा जुन्या रायफली! एकही त्यांनी कधी उडवली नाही. "अरे, भूल देण्यात आयुष्य गेलं माझं," ते म्हणत, "कुणाला दचकवायची सवयच नाही."

दसऱ्याला अकराही जणींना झेंडू आणि हळदकुंकू. एकदा एका टेक्सन पाहुण्याने दस्त्यावरचा लाल डाग पाहून हॅटच काढली. "ब्लड?" त्याने कुजबुजत विचारलं.

"नो, नो. दसरा," काका म्हणाले.

पण काका शोधत होते बारावी. त्यांचे वडील साताऱ्याकडचे, फौजेतले. निवृत्त होताना आपली थ्री-नॉट-थ्री रायफल फौजेत जमा करून आले. तिचा नंबर मात्र त्यांनी मुलाकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. चार, आठ, सात, दोन, एक. शेवटच्या आजारात त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "तिला आता तेल कोण घालत असेल रे?" काका इकडे अमेरिकेत होते.

तिकडच्या जुन्या रायफली इकडे विकायला येतात असं कळल्यापासून काकांनी बंदुकांचं एकही विक्री-प्रदर्शन सोडलं नाही. ड्राइव्ह मी करायचो आणि वाटभर छळायचो, "काका, मुलगी बघायला निघालात की काय?" ते चष्मा कपाळावर चढवून वाकत, नंबर वाचत आणि म्हणत, "ही नव्हे."

गेल्या वसंतात ते वाकले आणि वर उठेचनात. चार, आठ, सात, दोन... दोन.

"अरेरे! एका आकड्याने हुकली, काका."

"हुकली कसली? ही बाबांच्या शेजारच्या जवानाची. रांगेत खांद्याला खांदा लावून उभी राहिली असेल."

ती घरी आली. दर रविवारी काका तिला तेल घालू लागले. मी हसलो, तर म्हणाले, "बाबांची पण असेलच ना कुणाच्या तरी घरी? मी हिचं करतो. तो तिचं करत असेल."

हिवाळ्यात काका गेले. त्यांच्या मुलीने चादरीत गुंडाळलेली ती रायफल आणि तेलाची अर्धी बाटली माझ्या हातात ठेवली. "डॅड सेड यू विल कीप लुकिंग. डू यू नो द नंबर?"

इतकी वर्षं मी फक्त थट्टा करत होतो. पाठ कधी झाला, कुणास ठाऊक.

"चार," मी म्हणालो, "आठ, सात, दोन, एक."