वर्तणूक चांगली नाही

माझी धाकटी बहीण अकरावीत असताना, डिसेंबरमधल्या एका शनिवारी, कॉलेज सुटल्यावर तिने भौतिकशास्त्राच्या सरांच्या मोटारसायकलचा हेडलाइट दगड मारून फोडला. गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी होती. दगड एकच मारला. पाहणारे बरेच होते. तिने पळून जाण्याचा प्रयत्न केला नाही.

त्या सकाळी सरांनी चाचणी परीक्षेचे मार्क वर्गात मोठ्याने वाचून दाखवले होते. तिला पंचवीसपैकी दोन होते. हीच मुलगी दहावीला ब्याण्णव टक्के घेऊन शाळेत पहिली आली होती. मधल्या काळात एकच गोष्ट बदलली होती. दहावीपर्यंत सगळे मराठीत होते, अकरावीला विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले. जीवशास्त्र तिने आकृत्या काढून काढून पाठ केले. भौतिकशास्त्रात आकृतीखालचे वाक्यच कळत नव्हते.

हेडलाइट हा पहिला प्रकार नव्हता. त्याआधी तिने वर्गातल्या एका मुलाच्या डोक्यात कंपासपेटी घातली होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी न सांगता परतूरला मावशीकडे जाऊन राहिली होती. आमचे घर आष्टीचे, शेती कापूस आणि मोसंबीची. अण्णांना, म्हणजे वडिलांना, शेतातून उठून दोनदा कॉलेजात जावे लागले होते. तिसऱ्यांदा बोलावणे आले ते मुलीचा दाखला घेऊन जाण्यासाठी.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात ‘चांगली’ लिहितात. गावातल्या कुणाच्याही दाखल्यावर दुसरा शब्द पाहिल्याचे मला आठवत नाही. मारामाऱ्या केलेले, बाके जाळलेले, सगळे ‘चांगली’ घेऊन बाहेर पडले. बहिणीच्या दाखल्यावर लाल शाईने लिहिले होते: चांगली नाही.

अण्णा तिच्याशी बोलायचे थांबले. जे सांगायचे ते आईला सांगत, ती समोर बसलेली असली तरी.

“विचार तिला, जेवली का.”

“ती काय भिंतीआड हाय का? तुमीच विचारा की,” आई म्हणायची.

“मला न्हाई विचारायचं.”

असे सहा महिने गेले. जूनमध्ये मी तिला जालन्याला आणले. मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानाच्या जागा रिकाम्या होत्या. लाल शाईकडे बघूनही त्यांनी तिला घेतले. अकरावी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

डॉक्टर व्हायचे आहे, हे तिने त्या खोलीत पहिल्यांदा सांगितले. मी कारण विचारले. घरी बसलेल्या काळात आमच्या चुलत वहिनीचे बाळंतपण होते. सोबतीला जायला रिकामी अशी हीच होती. दवाखान्यात सलाइन लावायचा स्टँड सापडेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाटली हिच्या हातात दिली आणि हलू नको म्हणून सांगितले.

“बाकीच्यांनी तोंडं फिरवली, दादा,” ती म्हणाली. “मी न्हाई फिरवलं. मला समदं बघायचं होतं.”

यापेक्षा जास्त कारण तिने तेव्हाही दिले नाही आणि नंतरही नाही.

बारावीचा निकाल लागला. जीवशास्त्र एक्क्याण्णव, रसायनशास्त्र चोपन्न, भौतिकशास्त्र एकोणतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. त्या वर्षी दिलेल्या ‘नीट’मध्येही भौतिकशास्त्रानेच तिला खाली ओढले होते. पुरवणी परीक्षा जुलैत होती. जालन्यातल्या क्लासवाल्यांनी एका महिन्यात एक विषय उभा करून द्यायला नकार दिला. एकाने सांगितले, तुमच्याच भागातले एक सर आहेत, त्यांच्यासारखे भौतिकशास्त्र कुणी शिकवत नाही. त्याने नाव सांगितले. नाव आमच्या ओळखीचे होते.

पुढचा भाग मला आईने सांगितला आणि बहिणीने त्याला दुजोरा दिला. सर अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचे. दोघी आष्टीहून सकाळच्या एसटीने गेल्या. गळीत हंगाम संपलेला होता, कारखान्याकडच्या रस्त्यावर उसाची एकही गाडी नव्हती. सर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली, बहिणीला ओळखले.

“दगड आणला का?”

“न्हाई सर. पुस्तक आणलंय.”

“गाडी विकून टाकली मी. आता सायकल हाय. तिला लाइटच न्हाई.”

आई मध्ये पडली. “सर, लेकराचं चुकलं. तवा डोकं फिरल्तं तिचं.”

“डोकं फिरल्तं म्हनू नका बाई. नेम बराबर होता.” मग बहिणीला म्हणाले, “शिकवतो. पण माझी सवय जाणार न्हाई. मार्क मी मोठ्यानंच वाचणार. जमंल का?”

तिने पुस्तक ओट्यावर ठेवले. मग जमेल म्हणाली.

ती महिनाभर रोज गेली. जाताना-येताना एसटीत पुस्तक उघडे असायचे. सर आधी तिला प्रत्येक वाक्य मराठीत सांगायला लावायचे, मगच इंग्रजीत लिहू द्यायचे. शेवटी वीस मार्कांची चाचणी. तपासून झाली की ओट्यावरून स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे.

“अहो, ऐकलं का? आज तीन!”

“कितीपैकी?” आतून काकूंचा आवाज यायचा.

“वीसपैकी.”

“मंग चहा अर्धाच टाकते तिला.”

शेजारच्या बायकाही हळूहळू चौकशी करू लागल्या. कॉलनीच्या फाटकावरचा रखवालदार तिला जाताना विचारायचा, “ताई, आज किती?” तिसऱ्या आठवड्यात सरांनी “सतरा!” असे ओरडल्यावर काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “खोटं सांगून राह्यले. आणा इकडं पेपर.” त्यांनी स्वतः बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

पुरवणी परीक्षेत तिला भौतिकशास्त्रात एकसष्ट मिळाले.

‘नीट’ तिने आणखी दोनदा दिली. पहाटे उठून ती गल्लीतल्या अभ्यासिकेत जायची आणि खाली दुकानात हमालांची पोती उतरवायची घाई संपल्यावर जेवायला यायची. दुसऱ्या वेळी थोडक्यात गेले. अण्णा त्या दिवशी आईला म्हणाले, “सांग तिला, बास झालं म्हनाव.” आईने निरोप पोचवला. बहीण म्हणाली, “सांग त्यांला, अजून एकदा.” आईने तोही पोचवला आणि फोन ठेवताना म्हणाली, “मी काय पोस्टमन हाय का तुमची?”

तिसऱ्या वेळी गुण पुरेसे आले. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत तिला मराठवाड्यातल्याच एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली. ठरलेल्या मुदतीत मूळ कागदपत्रे घेऊन हजर व्हायचे होते. नाही झाले तर जागा जाणार होती.

कागदपत्रांत एकच कमी होते: बारावी केलेल्या कॉलेजचा दाखला. तो तिने आजवर काढला नव्हता. आम्ही दोघे गेलो. कारकुनाने तासाभरात दाखला लिहून दिला. वर्तणुकीच्या रकान्यात लिहिले होते: चांगली नाही. शाई या वेळी निळी होती.

“हे काय लिहिलं?” मी विचारले.

“रजिस्टरला हाय ते लिहिलं.”

“रजिस्टरला कुणी लिहिलं?”

“मीच. मागच्या दाखल्यावर होतं, ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. मनाचं काही लिहीत न्हाई मी.”

“पण ती तिकडच्या कॉलेजातली वर्तणूक. इथं ही कुणाला ‘अरे’ म्हणाली न्हाई.”

“ते मला मान्य हाय. लई चांगली पोरगी. पण इथली वर्तणूक लिहा म्हनून मला कुणी सांगितलंच न्हाई.”

चूक त्याने कबूल केली. दुरुस्त करता येत नव्हती. विद्यार्थ्याचे नाव कमी झाल्यावर रजिस्टरमध्ये बदल करायचा तर प्राचार्यांचे पत्र आणि वरून शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. प्राचार्य प्रशिक्षणाला गेले होते. ते परत येण्याआधी प्रवेशाची मुदत संपत होती.

आम्ही समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढायला गेलो. दुकानदाराने दाखला वाचला आणि आवाज खाली आणला. “‘नाही’ तेवढं उडवून देतो. दोन मिनिटांचं काम. कुणाच्या बापाला कळायचं न्हाई.”

मी बहिणीकडे पाहिले. मी नको म्हणालो नाही, ही नोंद इथे करायला हवी.

तिने दाखला उचलला आणि खालची छापील ओळ त्याला वाचून दाखवली. दाखल्यात अनधिकृत बदल केल्यास कायदेशीर कारवाई होईल, अशी ती ओळ होती. मग म्हणाली, “एकदा काढलं मला, हेडलाइटपायी. ते बराबर होतं. आता ह्याच्यापायी न्हाई काढून घ्यायचं.”

बाहेर आल्यावर मी म्हणालो, मेडिकल कॉलेजच्या शहरात आमच्या पेपरचा माणूस आहे, त्याला फोन करून ठेवतो.

“दादा, तू फक्त पिशवी धर,” ती म्हणाली.

पडताळणीच्या सभागृहात टेबले ओळीने मांडलेली होती. पालकांना मागे खुर्च्या होत्या. मी दुसऱ्या रांगेत होतो, पुढचे सगळे ऐकू येत होते. पहिल्या टेबलांवर दहावीचे, ‘नीट’चे, अधिवासाचे कागद झाले. दाखल्याच्या टेबलावरचा कर्मचारी थांबला. त्याने कागद उजेडाकडे धरला, पाठीमागून पाहिला आणि उठून समितीतल्या एका प्राध्यापक बाईंकडे नेला. त्या तो हातात घेऊन टेबलापाशी आल्या. बहीण उभी राहिली.

“हा तुझाच दाखला?”

“हो मॅडम.”

“असं सहसा कुणी लिहीत नाही. काय केलं होतंस?”

“सरांच्या गाडीचा हेडलाइट फोडला होता.”

“चुकून?”

“नाही मॅडम. नेम धरून.”

शेजारच्या टेबलावरचे शिक्के मारणे थांबले. बाईंनी तिची गुणपत्रिका मागवली आणि वाचली.

“जीवशास्त्र एक्क्याण्णव. भौतिकशास्त्र आधी नापास, मग एकसष्ट. मध्ये काय झालं?”

“शिकवणी लावली.”

“कुणाकडे?”

“ज्यांचा हेडलाइट फोडला, त्यांच्याकडेच.”

“त्यांनी शिकवलं?”

“हो मॅडम. मार्क मोठ्यानं वाचायचे, एवढंच.”

बाईंनी चष्मा काढला. “इथे प्रत्येक परीक्षेचे मार्क फलकावर लागतात. सगळं कॉलेज वाचतं.”

“लागू द्या मॅडम.”

कर्मचाऱ्याने विचारले, “मॅडम, मग ह्याचं काय करायचं?”

“यादीत काय मागितलंय?”

“शाळा सोडल्याचा दाखला. मूळ प्रत.”

“ही मूळ आहे?”

“आहे.”

“कुठे खाडाखोड?”

त्याने पुन्हा एकदा कागद उजेडाकडे धरला. “काहीच नाही.”

“मग शिक्का मार.”

त्याने शिक्का मारला. बाईंनी सही केली आणि आपल्या जागेवर जाता जाता बहिणीला म्हणाल्या, “गाड्या मागच्या बाजूला लावतो आम्ही. तिकडे फिरकू नकोस.” सभागृहात हशा झाला. बहीणही हसली. कागदपत्रे द्यायला लागल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

शेवटच्या टेबलावर तिला प्रवेश निश्चित झाल्याची पावती मिळाली. मी बाहेर येऊन आष्टीला फोन लावला. आईने उचलला. मी सांगितले. पलीकडे तिने शेजारणीला मारलेली हाक ऐकू आली. अण्णा मोसंबीच्या बागेत पाणी धरत होते. आई फोन घेऊन बांधापर्यंत गेली, चालताना तिला लागलेला दम मला ऐकू येत होता.

“झालं का?” अण्णांनी विचारले.

“झालं.”

“बिलकुल पक्कं?”

“शिक्का बसला. पावती हातात हाय.”

“मंग दे तिच्याकडं.”

मी फोन बहिणीला दिला. साडेचार वर्षांत ते तिच्याशी थेट बोलले नव्हते. त्यांचा आवाज मोठा असल्याने मला बाजूला उभे राहूनही ऐकू आले.

“डॉक्टरीणबाई, जेवल्या का?”

“न्हाई अजून, अण्णा.”

“मंग आधी जेव. दादाला म्हनाव, चांगल्या ठिकाणी ने. भाजी-पोळीवर भागवू नको म्हनाव.”

आम्ही बसस्थानकासमोरच्या खाणावळीत जेवलो. तिने दोनदा श्रीखंड मागवले. संध्याकाळच्या गाडीने जालन्याला परतलो. घराखालच्या दुकानातल्या हमालांना बातमी आमच्या आधी पोचली होती. त्यांनी पोत्यांच्या थप्पीवर पेढ्यांचा पुडा उघडून ठेवला होता आणि अर्धा संपवलाही होता.

आठवड्याने आई आणि अण्णा तिला वसतिगृहात सोडून आले. गादी अण्णांनी खांद्यावरून नेली, कुणाला हात लावू दिला नाही.

सोमवारी सकाळी शरीररचनाशास्त्राचा पहिला तास झाला. हजेरी घेण्यात आली. ती हजर होती.