सुगंधाच्या पिशवीत दशम्या नव्हत्या

माझं नाव उखर्डू. माझ्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून मी जन्मल्यावर मला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि हे नाव दिलं. नजर लावणाऱ्याला वाटावं, हे पोर कोणालाच नको आहे. ज्याची सुरुवातच जगाला चकवून झाली, त्याने जगावर भरवसा ठेवावा अशी अपेक्षा कोणी करू नये. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या बायकोची आहे, सुगंधाची. मी मधेमधे येईन, कारण ती जिथे जिथे गेली तिथे मी मधे आलोच.

फैजपूरजवळच्या आमच्या गावात लोक मला ओळखतात ते वजनकाट्यामुळे. केळी कापली की घड बांधावर येतात, व्यापाऱ्याची माणसं ते मोजतात आणि ट्रकमध्ये भरतात. त्या वेळी शेतकरी मला बोलावून घेतो. मी काट्याशेजारी उभा राहतो. काटा सपाट जागेवर आहे का, कोणाचा पाय हळूच टेकलाय का, आकडा थांबायच्या आधीच ‘लिही, लिही’ चाललंय का, एवढं पाहायचं. तीस वर्षं हेच केलं. ज्याने मला हसून चहा पाजला त्याच्याकडे मी दुप्पट लक्ष दिलं आणि बहुतेक वेळा ते वाया गेलं नाही.

घरीही मी असाच. सुगंधा दळण घेऊन आली की मी विचारणार, एवढा वेळ का लागला? माहेरी जामनेरला गेली तर कोणत्या बसने, शेजारी कोण बसलं होतं? ती उत्तर द्यायची. चौतीस वर्षं देत आली. बाई एकदाही अडखळत नाही म्हणजे उत्तरं आधीच तयार ठेवते की काय, असंही मला वाटायचं. आता लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. तिने माझ्या ताटात भाजी वाढली आणि उभ्या उभ्या सांगितलं, “पौष सरला का मी अंदमानले जाईन.”

“कोनासंगं?”

“एकटी.”

मला आधी वाटलं, थट्टा करते आहे. पण तिने थट्टा केलेली मला आठवत नव्हती. तिने सगळं जमवलं होतं. दोन वर्षं केळीचे वेफर तळून ती फैजपूरच्या दुकानांत देत होती, ते पैसे साठवले होते. भुसावळहून चेन्नईपर्यंत रेल्वेचा साधा डबा, पुढे तीन दिवस जहाज, तेही सगळ्यात स्वस्त, एकावर एक बाकडी असलेल्या मोठ्या खोलीत. तिकडे बंदराजवळ साधी खोली. फिरायचं सरकारी बोटीने नाहीतर बसने. एकूण सोळा दिवस, बावीस हजार. जळगावला दिलेली आमची मुलगी मोहिनी हिलाही माहीत होतं. तिने मला फोनवर एवढंच सांगितलं, “आबा, आईला जाऊ द्या.” म्हणजे मायलेकींनी आधीच ठरवलं होतं. माझ्यापासून लपवून दोन वर्षं या घरात काहीतरी शिजत होतं आणि मला वास आला नव्हता, याचा मला जास्त राग आला.

मी म्हटलं, जायचंच तर रामेश्वरला जाऊ, जोडीने जाऊ. ती म्हणाली, “दोघाईचा खर्च दुप्पट होते.” कारण बिनतोड होतं. बिनतोड कारण दिलं की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मी धुळ्याला माझ्या बहिणीला फोन केला. दिपमाला तिथल्या देवपुरात राहते. तीस वर्षांत तिची बोली पुरती तिकडची झाली आहे. ती म्हणाली, “भाऊ, तठे कोनता देव शे?”

“देव नाई.”

“सगा-सोयरा?”

“कोनी नाई.”

“देव नही, सोयरा नही, मंग बाई तठे कसाले जास? ध्यान ठेव भाऊ. बठ्ठं इचारी ले.”

विचारून काय होणार होतं? मी शोधायला लागलो. सुगंधा वेफर द्यायला गेली की मी तिचं कपाट पाहायचो. एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तिने सोळा दिवस लिहून काढले होते. पहिल्या दिवशी रेल्वे, मग जहाज. पुढे कुठल्या किनाऱ्याचं नाव, बसची वेळ. आणि मधल्या चार दिवसांपुढे, तिच्या ठसठशीत अक्षरात, ‘काही नाही’. मंगळवार, काही नाही. बुधवार, काही नाही. गुरुवार, शुक्रवार तेच. माणूस बावीस हजार खर्चून हजारो मैल जातो ते काही नाही करायला? ज्या दिवसांपुढे काही लिहिलेलं नसतं तेच दिवस खरे असतात. ती पानं मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली.

मग पिशवी. जायच्या आठवडाभर आधी तिने ती भरून खाटेखाली ठेवली. माझ्याकडे आकड्याला लटकवायचा छोटा काटा आहे. ती बाहेर गेल्यावर मी पिशवी त्याला अडकवली. सहा किलो चारशे.

बाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही. आमच्या भागातली बाई दोन दिवस माहेरी निघाली तरी तिची पिशवी दहा किलोच्या खाली भरत नाही. दिपमाला चारधामला गेली तेव्हा माझ्या हाताने वजन केलं होतं, बावीस किलो, त्यातलं निम्मं खाण्याचं. दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या आठ दिवस टिकतात, त्या हव्यात. शेंगदाण्याची चटणी हवी, ज्वारीचे पापड म्हणजे बिबडे हवेत, शेव हवी. खान्देशातला माणूस कोर्टात तारखेला गेला तरी दशम्या बांधून नेतो. मी पिशवी उघडली. चार साड्या, एक टॉवेल, औषधं, चपला. दशम्या नाहीत. चटणी नाही. मूठभर शेवसुद्धा नाही.

सोळा दिवस जाणारी बाई शिदोरी नेत नाही, याचा अर्थ एकच. तिकडे तिला जेवू घालणारं कोणीतरी आहे. तीन दिवस रोज मी पिशवी मोजली. सहा चारशे, सहा चारशे, मग सहा दोनशे. वाढायच्या ऐवजी कमी होत होती. बाई परत येणार नाही, हे माझ्या मनाने तेव्हा धरलं. रागाच्या खाली भीती होती आणि ती रागापेक्षा मोठी होती.

तिकिटं फैजपूरच्या स्टँडजवळ मिसबाह नावाच्या मुलीने काढून दिली होती. तिचं छोटं दुकान आहे. आधार, सातबारा, तिकिटं, सगळं तिथे काढून मिळतं. मी गेलो, चेहरा साधा ठेवला आणि म्हटलं, “पोरी, तुझ्या चाचीच्या जहाजाचं एक तिकीट मलाही काढ. तिला सांगू नको, गंमत करायची आहे.”

मिसबाहने संगणकावरचा हात काढला. “चाचा, चाचींनी दोन महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलंय, तुम्ही याल म्हणून. तिकीट काढून दे म्हणाल्या. पण आधी त्यांना फोन कर म्हणाल्या. करू?”

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा माझी चोरी कोणीतरी आधीच मोजून ठेवली होती.

घरी आलो तर सुगंधा वेफर तळत होती. मिसबाहने फोन केला असणारच. मी सरळ विचारलं, “दशम्या काहून नाई घेतल्या? तुले तिकडं कोन जेवू घालनार हाये?”

तिने झारा कढईवर आडवा ठेवला आणि गॅस बंद केला. तेल तापलेलं असताना ती गॅस बंद करत नाही, इतकं मला माहीत होतं.

“दशम्या कोन करीन?” ती म्हणाली. “मीच ना? चौतीस वर्सं थापून रायली. सोळा दिवस मी काई थापनार नाई. पैसे देईन, बसून जेवीन आन् ताट तसंच ठेवून उठीन.”

“आन् वहीत चार दिवस ‘काही नाही’ लिव्हलं ते?”

“वही भी वाचली?” ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. “काई नाई म्हंजे काई नाई. बसीन. पानी पाहीन.”

“पानी तापीले भी हाये. बेटच कशाले?”

तिने झारा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, “गावातल्या बायाईची बस मनुदेवीच्या दर्शनाले गेली व्हती, बारा-तेरा वर्सं झाले. तुमी फटफटीवर मांगं आले. धबधब्याजवय झाडामांगं उभे व्हते. मले दिसले. साऱ्या बायाईले दिसले. त्या हसल्या, मी भी हसली. घरी येऊन मी तुमाले पानी देल्लं आन् तुमी विचारलं, कोन कोन व्हतं? तुमाले ठाऊक व्हतं, तरी मी एकेक नाव सांगलं.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी मिसबाहले विचारलं, पोरी, जिठी मांगं फटफटी येत नाई असं सस्तं ठिकान कोनतं? तिनं बेट सांगलं.”

मी खाटेवर बसलो. मनुदेवीच्या त्या बायकांमधल्या किती जणी नंतर मला रस्त्यात ‘राम राम उखर्डूभाऊ’ म्हणाल्या असतील, आणि प्रत्येकीला माहीत होतं. लाज वाटली, फार वाटली. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. “वापस येशीन ना?”

“ते आताच कसं सांगू?” ती म्हणाली आणि तिने गॅस परत पेटवला.

ठरलेल्या दिवशी मी तिला भुसावळला गाडीत बसवून दिलं. तिने खिडकीची जागा धरली. समोरच्या बाकावर एक माणूस होता, जाड भिंगाच्या चष्म्याचा, पेपर वाचणारा. मी त्याच्याकडे पाहिलं, सुगंधाने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान वळवली. पुढे जहाजावर फोन लागत नाही, हे तिने आधीच सांगितलं होतं. ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ते माझ्याच कर्माचं होतं म्हणून कोणाला सांगायची सोयही नव्हती.

चेन्नईहून जहाज सुटल्याच्या चौथ्या दिवशी लोटनच्या शेतात केळी कापायला लागली. मी काट्याशेजारी उभा होतो. लोटन माझा बालपणापासूनचा दोस्त. त्याने विचारलं, “वहिनी दिसत नाई?”

“अंदमानले गेली. फिराले.”

“कोनासंगं?”

“एकटी.”

लोटनने माझ्याकडे पाहिलं. घड निरखावा तसं खालवर पाहिलं. “भांडन झालं का भाऊ? खरं सांग. मले सांगाले काय लाजतो?”

“नाई रे. तिले जायचं व्हतं, गेली.”

“अशी कशी गेली?” तो म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं आणि मजाही येत होती. मी काय पुरावा देणार? ती फिरायला गेली आहे, एवढंच खरं होतं आणि ते पुरत नव्हतं. असल्या प्रश्नांना घरात बसून कोणी चौतीस वर्षं उत्तरं देतं, हे मी पहिल्यांदा माझ्या अंगावर घेऊन पाहिलं. आठ मिनिटंही निघत नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुगंधाचं नाव पाहून लोटन म्हणाला, “स्पीकरवर टाक.” मी काटा तसाच सोडला आणि फोन घेऊन केळीत दूर आत गेलो.

“पोचली,” ती म्हणाली. मागे वाऱ्याचा आवाज होता. “खोली बरी हाये.”

कोणाची खोली, शेजारी कोण, जहाजावर कोण होतं, सगळं जिभेच्या टोकावर आलं. “बरं झालं,” मी म्हटलं.

ती थांबली. पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होती. “आन्?”

“आन् काई नाई. फिर. मजा कर.”

मग तिचा आवाज बदलला. “काय झालं? खरं सांगा. तब्येत बरी हाये ना?”

“बरी हाये.”

“मंग असे काहून बोलून रायले? घरी कोन हाये? दिपमालाबाई आल्या का? मोहिनीले काई झालं? मी वापस येऊ का?”

ये, असं अगदी ओठांवर आलं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलो असतो तरी ती पहिल्या जहाजात बसली असती. “नको येऊ,” मी म्हटलं. “तुले पाहिजे तेवढे दिवस राय.”

तिने पुन्हा विचारलं, मग पुन्हा. काय जेवलात, कोणी केलं, आता कुठे उभे आहात, आजूबाजूला कोण आहे. केळीच्या पानांत उभा राहून मी एकेक उत्तर देत गेलो, सगळी खरी, आणि तिला त्यातलं एकही पटत नव्हतं.