गिरणीकडचं दार

आमच्या क्लिनिकच्या पुढच्या भिंतीवर एक फ्रेम टांगलेली आहे. 'आमचे गुणवत्ता धोरण' असं ठळक शीर्षक आणि खाली काही ओळी. त्या माझ्या नवऱ्याने इंटरनेटवरून उतरवून घेतल्या. मूळ मजकूर बहुधा पाण्याचे पंप बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याचा असावा, कारण त्यात 'गळतीमुक्त सेवा' असंही एक आश्वासन आहे. आजवर एकाही पेशंटने त्यावर हरकत घेतलेली नाही. फ्रेम कोणी वाचावी म्हणून लावत नाहीत. ती आहे हे दिसलं की तिचं काम झालं.

मी होमिओपॅथीची डॉक्टर. पारनेरमध्ये आधी साबुदाण्याएवढ्या गोळ्या देत होते. पुढे पुण्याला जाऊन त्वचेचा आणि सौंदर्याचा कोर्स केला, कर्ज काढून लेझरचं मशीन आणलं, काचेचा दरवाजा बसवला, पांढरा सोफा ठेवला. सुरुवातीचे काही महिने त्या सोफ्यावर बसून मीच कादंबऱ्या वाचल्या. बायका दारावरून जायच्या, काचेतून आत बघायच्या, आणि आपल्याला कोणी बघतंय असं वाटलं की चपलेत खडा गेल्यासारखं करून खाली वाकायच्या. तालुक्याच्या गावात काचेच्या आत बसणं म्हणजे एसटी स्टँडवर बसण्यासारखंच. दुपारपर्यंत सासरी कळतं आणि संध्याकाळी माहेरून फोन येतो.

आमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे. इमारत एकाच मालकाची, त्यामुळे मधे एक अरुंद बोळ आणि त्यात एक बंद दार होतं. माझ्या बाजूने त्या दाराला मी औषधांचं कपाट लावून ठेवलं होतं. गिरणी चालवणाऱ्या वहिनींच्या मानेवर चामखीळ होते. एक दिवस त्या पलीकडून दार ठोठावून म्हणाल्या, "डॉक्टर, कपाट सरकवा की. म्होरनं यायचं म्हंजी दवंडी पिटल्यागत हुतंय."

मी कपाट सरकवलं. माझ्या व्यवसायातली सगळी नवी कल्पना ती एवढीच, आणि तीही माझी नव्हे.

त्यानंतर बायका डब्यात गहू-बाजरी घेऊन येऊ लागल्या. डबा गिरणीच्या रांगेत ठेवायचा, बोळातून आत यायचं, काम झालं की त्याच वाटेने जाऊन दळण उचलायचं. लेझरनंतर चेहरा थोडा लाल होतो. घरी कोणी विचारलं तर, "गिरणीत लई उकडत हुतं." एकीच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की एकदा तिच्या डब्यात पीठच निघालं. वहिनी म्हणाल्या, "आगं, पीठ काय दळू? लाज राखायला मूठभर दाणं तरी आण!" ती म्हणाली, "घरातलं गहू सपलं, वहिनी." वहिनींनी ते पीठ पुन्हा एकदा गिरणीतून काढून दिलं. त्या घरी त्या आठवड्यात पोळ्या फार मऊ झाल्या असणार.

क्लिनिक चाललं ते असं. काम मी नीट करते, हे सांगायला हरकत नाही. आधी कातडीच्या छोट्या तुकड्यावर लेझर मारून बघते. 'गोरं करून देते' असं कोणालाही म्हणत नाही. केस कमी होतील, कायमचे जातीलच असं नाही, हेही आधीच सांगते. पण लोक सोफ्याच्या रंगामुळे येतात की मशीनमुळे, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर मला ठाऊक आहे. आमच्या धंद्याचा कच्चा माल सौंदर्य नाही, लाज आहे. ती गिऱ्हाईक स्वतःच घेऊन येतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने आमचं नाव एका पुरस्कारासाठी पाठवलं. 'गुणवत्ता आणि नवोपक्रम' असं त्या पुरस्काराचं नाव. संस्था बाहेरगावची, समारंभ नगरच्या एका मोठ्या हॉलमध्ये. मी भरपूर टिंगल केली. शाल, श्रीफळ, फेटा आणि प्रवेश शुल्काची पावती, यांतली पावती तेवढी अस्सल असते, असं म्हणाले. नवरा म्हणाला, "तू वाचतेस फार, म्हणून तुला सगळं खोटं वाटतं." पण त्याच आठवड्यात मी एका ठेवणीतल्या साडीवर नवा ब्लाउज शिवायला टाकला. आणि रोज अंघोळ करताना मनातल्या मनात भाषणाची सुरुवात बदलत राहिले.

परीक्षक आले ती मंगळवारची दुपार होती. कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. मी त्यांना मशीन दाखवलं, निर्जंतुकीकरणाची पेटी दाखवली. नवऱ्याने फ्रेम दाखवली. परीक्षकांनी जांभई दाबली.

"मॅडम, हे सगळं छान आहे. पण हे पुण्यात गल्लोगल्ली आहे. तुमचं वेगळं काय?"

मी काही बोलायच्या आत नवरा उत्साहाने म्हणाला, "साहेब, खरी आयडिया मागं आहे!" आणि त्याने बोळाचं दार उघडलं.

आत बाकड्यावर ती बसली होती. जवळच्याच एका गावातली, बचत गटाची अध्यक्ष, ग्रामसभेत उभी राहून बोलणारी बाई. पहिल्या बाळंतपणानंतर तिच्या हनुवटीवर राठ केस यायला लागले. तेव्हापासून घर उठायच्या आधी उठून, नवऱ्याच्या टाकून दिलेल्या रेझरने ती हनुवटी साफ करत आली होती. हे घरात कोणालाही माहीत नव्हतं. मलाही तिने पहिल्या भेटीत नव्हे, तिसऱ्या भेटीत सांगितलं. सरपंचपद या वेळी महिलेसाठी राखीव झालं होतं आणि ती अर्ज भरणार होती. मला म्हणाली होती, "इरोधकांना कळलं तर मुद्दं बाजूलाच ऱ्हातील, डॉक्टर. नाव ठेवतील." आमच्याकडे गावाने एकदा नाव ठेवलं की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं असतं. वारसांनाही लागतं.

त्या दिवशी तिच्या हनुवटीला बधिर करायचं मलम लावलेलं होतं आणि त्यावर पातळ प्लास्टिक. पायाशी बाजरीचा डबा. गिरणी सुरू असल्यामुळे दार उघडल्याचं तिला ऐकू आलं नाही. तिने मान वर केली तेव्हा परीक्षकांनी तिचा फोटो काढलाही होता. पदर तोंडावर आला तो त्यानंतर.

"वा!" परीक्षक म्हणाले. "धान्य आणि सौंदर्य एकाच छताखाली! ग्रामीण महिलांसाठी! मॅडम, याला म्हणतात नवोपक्रम. हा एक फोटो गेला ना, तुमचा पहिला नंबर कोणी अडवत नाही. पेपरलाही देतो आम्ही."

ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. पदराआडून मला म्हणाली, "डॉक्टर, पुसाय सांगा त्यास्नी."

मी तोंड उघडलं, पण तिच्याशी नाही, परीक्षकांशी बोलले.

"डोळ्यांवर काळी पट्टी टाकून चालेल का?"

"चालेल की! आम्ही नेहमी तसंच करतो."

तिने पदर खाली घेतला. रागावलेली नव्हती. एखाद्या अडाणी माणसाला समजावून सांगावं तसं म्हणाली, "डोळं झाकून काय उपेग, डॉक्टर? मला हनुवटीच्या ठेवणीवरनंच वळखत्यात."

पलीकडे वहिनींनी गिरणी बंद केली. इतका वेळ त्या आवाजाखाली सगळं झाकलेलं होतं. आता बोळात नुसते आम्हीच उरलो. वहिनी दारात आल्या, आमच्याकडे एकेक करून बघितलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊजी, पावन्याला बाहीर घिऊन जा. न्हाईतर कोटासकट दळते मी त्यास्नी."

मी परीक्षकांना म्हणाले, "तो फोटो काढून टाका."

"अहो मॅडम, आत्ता तर तुम्हीच म्हणालात पट्टी लावून..."

म्हणाले होते. तिघांनी ऐकलं होतं. मी मोबाईलसाठी हात पुढे केला. त्यांनी फोटो आधीच परीक्षकांच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो सगळ्यांसाठी काढायला लावला, मग मोबाईलमधून, मग मोबाईलच्या कचरापेटीतून. ते म्हणाले, "अशानं नामांकन राहत नाही." मी म्हणाले, "नाव काढूनच टाका." हे मी करारीपणे म्हणाले असं नवरा नंतर लोकांना सांगायचा. मला तो करारीपणा आठवत नाही. घाई आठवते. चोरीचा माल हातात घेऊन उभं राहिलेल्याला असते तसली.

फोटो पुढे कुठेही आला नाही, हे इथेच सांगून टाकते. निवडणुकीत ती जिंकली तेही कळलं, पेपरमधूनच. त्यात माझा काही हातभार नाही. तिच्या वाट्याला येऊ शकला असता तो अडथळा मी घातला नाही एवढंच, आणि तोही काळी पट्टी लावून घालायला मी तयार झाले होते.

परीक्षक गेले, नवरा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. मला वाटलं, आता ती उठेल, डबा उचलेल आणि जाईल. खरं सांगायचं तर ती गेली असती तर मला बरं वाटलं असतं. चार शब्द सुनावून गेली असती तर आणखी बरं. आपण चुकलो की समोरच्याने भांडावं अशी आपली अपेक्षा असते, म्हणजे हिशेब तिथल्या तिथे मिटल्यासारखा वाटतो.

ती बसूनच राहिली. मग विचारलं, "मलम लागलं का आता? उठू?"

मी म्हणाले, "आज नको असेल तर..."

"आज नको तर कवा? अर्धी हनुवटी घिऊन अर्ज भराय जाऊ?" आणि डबा बाकड्याखाली सरकवत, माझ्याकडे न बघता, "दुसरीकडं कुटं असतं तर गेले असते, डॉक्टर."

ती आत येऊन टेबलावर आडवी झाली. मी मलम पुसलं, थंड जेल लावलं, तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. एरवी मी या वेळी काहीबाही बोलत असते, चटका बसतो त्यावरून लक्ष उडावं म्हणून. कोणाच्या लग्नातल्या जेवणाच्या गोष्टी, एखादा विनोद. त्या दिवशी माफी मागायची होती. पण तिची माफी मागणं म्हणजे 'असू द्या, डॉक्टर' असं तिच्याकडून वदवून घेणं, आणि टेबलावर निजलेल्या बाईला दुसरं काय म्हणता येतं?

मशीन सुरू केलं. डाव्या हाताने मी तिची हनुवटी धरली. एवढ्या भेटींत तिची सवय माझ्या हाताला झाली होती. ती डोळे मिटायची आणि डोक्याचा सगळा भार माझ्या तळव्यावर सोडून द्यायची. त्या दिवशी हाताला वजन लागलंच नाही. मान तिने स्वतःच्या जोरावर उचलून धरली होती आणि गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. अशाने थोड्या वेळात मान भरून येते. अशा वेळी मी प्रत्येकीला 'सैल सोडा' म्हणते.

तिला म्हणाले नाही. तिच्या मानेला जमेल तेवढ्या वेळात काम उरकावं म्हणून हात भराभर चालवला.