झाकलेली चोरवाट

डोंगर उतरताना माणसाची अक्कल त्याच्या आधी खाली पोचते, असं तिचं पक्कं मत होतं. चढताना सगळे शहाणे. धापा टाकत, वळणं घेत, वाटेवरून नीट चालतात. माथ्यावर फोटो काढून झाले की पाय सुटतात. समोर खाली तळं दिसतं. वाट आपली डावीकडे उजवीकडे झोके घेत निघालेली. मग एखादा दीडशहाणा म्हणतो, सरळच उतरू की. आणि उतरतो. त्याच्या मागे दुसरा. दुसऱ्याच्या मागे त्याची पोरंबाळं.

अशाच एका डोंगरावरच्या राज्य उद्यानात ती वाटांचं काम करायची. वाट खणायची, दगड बसवायचे, पाणी वळवायचं. सगळे तिला शिट्टीबाई म्हणत. गळ्यात सदैव शिट्टी, आणि ती फुंकायला फार निमित्त लागत नसे. एकदा तिने एका प्राध्यापकांना शिट्टी मारून वाटेवर आणलं. ते म्हणाले, "मी इथे निसर्ग बघायला आलोय." ती म्हणाली, "बघा की. त्याच्यावर उभं कशाला राहता?"

तळ्यावरच्या उतारावर लोकांनी तुडवून तुडवून एक चोरवाट पाडली होती. बाकी उतार खडकांचा आणि काट्यांचा. सरळ उतरता येईल अशी तेवढी एकच चिंचोळी पट्टी. तिथलं आधी गवत गेलं, मग माती. मग पावसाचं पाणी त्याच फटीतून धावू लागलं आणि गुडघाभर घळ पडली. घळीतली माती तळ्यात. तळ्याच्या त्या कडेला उथळ पाण्यात मासे आणि बेडूक अंडी घालायचे. ती कड चिखलाने भरली. अंडी चिखलाखाली गुदमरली.

ही चोरवाट तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून बुजवली. नवराही तिथेच कामाला. ती कायम, तो रोजंदारीवर. हे त्या घरातलं जुनं गळू होतं. त्याला कोणी हात लावत नसे.

वाट पाडणं सोपं असतं. नाहीशी करणं अवघड. पाटी लावली की पाटीमागे काय आहे ते बघायला लोक जातात. कुंपण घातलं की ओलांडतात. म्हणून वाट अशी झाकायची, की इथे कधी वाट होती हे कोणाला सुचूच नये. त्यांनी घळीत आडवे दगड पुरले, निम्मे मातीत, शेवाळाची बाजू वर. गवताची ढेपळं आजूबाजूने, एक इथून एक तिथून उचलून लावली. वाळक्या फांद्या आणून टाकल्या. या कामात नवऱ्याचा हात तिच्यापेक्षा चांगला होता. तो एखादी फांदी ठेवायचा, मागे सरायचा, डोकं तिरकं करून बघायचा आणि पुन्हा जाऊन ती जराशी वाकडी करायचा.

"नवरी सजवताय जणू," ती म्हणायची.

"उलट आहे. हिच्याकडे कोणी बघू नये म्हणून सजवतोय."

तिसऱ्या वर्षी उतार हिरवा झाला. तळ्याची कड निवळली. लोक वळणावर येत, वाटेने वळत आणि पुढे जात. कोणाला काही सुचलं नाही.

मग नवे साहेब आले. त्यांच्या खोलीत पडदे नवे होते आणि नकाशा जुना.

"बाई, आपल्याला डोंगरदौड घ्यायची आहे," साहेब म्हणाले. "बूट विकणारी एक कंपनी सगळा खर्च करतेय. माथ्यापासून तळ्यापर्यंत. शेवटचा टप्पा थरारक हवा म्हणतात." त्यांनी नकाशावरच्या तुटक रेघेवर पेन टेकवलं. "ही वाट."

"तिथे वाट नाही, साहेब."

"नकाशात आहे."

"नकाशातनंही पुसायला हवी होती. राहून गेलं."

"मग उघडा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"घर पेटवायला एकच काडी लागते."

साहेब हसले. साहेबांना राग येत नसे. हा त्यांचा सगळ्यात वाईट गुण होता. "एवढं मनावर नका घेऊ. गवत काय, पुन्हा उगवतं."

"तुम्ही उगवून दाखवा," ती म्हणाली आणि उठली. साहेबांनी बसा म्हटलेलंच नव्हतं. ती आपणहून बसली होती.

बाहेर पडताना ती निर्धास्त होती. नकाशावरची रेघ बोटाएवढी जाड. जमिनीवर तिचा मागमूस नाही. शोधा म्हणावं.

काही दिवसांनी ती वळणावर गेली तर गवतात चुन्याच्या फक्कीचे ठिपके. वळणापासून थेट तळ्यापर्यंत. फांद्या बाजूला ओढलेल्या. एकही ठिपका भरकटलेला नाही. बुजवलेल्या घळीच्या मधोमध, जिथे दगड पाय तोलतील तिथूनच रांग उतरत गेलेली. ही जागा जगात दोन माणसांना माहीत होती. त्यातली एक ती.

तिने बुटाने ठिपके पुसायला सुरुवात केली. मग थांबली. पुसून काय होणार होतं? ज्याने घातले त्याला ते पाठ होते.

उद्यानाच्या फाटकामागे त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. ती आली तेव्हा सासूबाई दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. नवरा आत चहा पीत होता. त्याच्या नखांत पांढरं होतं.

"अहो, हात धुवा," ती म्हणाली. "चुना पोटात गेला तर आतडी भाजतील."

तो हातांकडे बघत राहिला.

"साहेब काय देतो म्हणाले?"

"कायम करतायत."

"आणि तुम्ही दाखवलंत."

"मी नसतं दाखवलं तर मशीन लावून उकरणार होते."

"हे साहेब म्हणाले, की तुम्हीच ठरवलंत?"

त्याने मग कप आपटला. "तुझा पगार एक तारखेला. माझा साहेबांच्या लहरीवर. ताप आला, खाडा. पाय मुरगळला, खाडा. या वयात रोज सकाळी हजेरीला उभं राहायचं, आज काम आहे का म्हणून. तुला काय कळणार? तू बायको माझी आहेस की त्या उताराची?"

"हिचं लग्न त्या डोंगराशीच लावायला हवं होतं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "निदान तो उलट बोलला नसता."

"तो पाठीत सुरासुद्धा खुपसत नाही, आई."

सासूबाईंनी शेंगांचं ताट उचललं आणि त्या बाहेर जाऊन बसल्या.

तो खोटं बोलत नव्हता. म्हणून तिचा राग जास्तच वाढला. खोट्यावर माणूस तोंडसुख घेऊन मोकळा होतो. खऱ्याचं काय करायचं? ती भांडी घासत राहिली. घासलेलीच पुन्हा घासली.

दौडीच्या दिवशी साहेबांनी तिला मुद्दाम फाटकाजवळ पाणी वाटायला ठेवलं. तिने जग टेबलावर ठेवला आणि ती डोंगर चढू लागली. अंगावर गणवेश, गळ्यात शिट्टी. कोणी हटकलं नाही. वळणावर कंपनीची लाल फीत वाटेवर आडवी बांधलेली होती आणि उतार मोकळा सोडला होता. तिने फीत सोडली आणि उतारावर आडवी बांधली. मग ती फितीपुढे उभी राहिली.

पहिला धावपटू आला तो उताराकडेच वळला. शिट्टी वाजली.

"वाटेने."

"पण काल तर इकडून दाखवलं होतं..."

"काल गेला. वाटेने."

त्याने गणवेशाकडे बघितलं आणि तो वाटेने गेला. त्याच्या मागचे त्याच्या मागे गेले. एक मुलगी जागच्या जागी धावत म्हणाली, "माझा नंबर जाईल हो, ताई."

"सगळ्यांचाच जातोय. काळजी नको."

एक दांडगा गृहस्थ तिला नाही नाही ते बोलला. तिने ऐकून घेतलं. "शिव्या द्यायला दम आहे," ती म्हणाली, "तर वळणं घ्यायलाही असेल."

खाली तळ्याकाठी कॅमेरे उताराकडे लावून ठेवले होते. साहेब आणि कंपनीची माणसं उताराकडे तोंड करून उभी. नवरा हातात झेंडा घेऊन उताराच्या पायथ्याशी. उतारावर वारा होता, गवत हलत होतं, आणि कोणी येत नव्हतं. धावणारे आले ते सगळ्यांच्या पाठीमागून, मंडपाच्या कनातीखालून वाकत. आपण जिंकलो हे पहिल्याला कोणी सांगितलं नाही. कोणी बघतच नव्हतं.

मग नवरा वर आला. घाईत होता, तरी उतारावरून आला नाही. वाटेने आला.

"बाजूला हो."

"ढकला."

तिच्यापुढे दहाबारा धावपटू खोळंबले होते. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला वजन होतं, पण जोर नव्हता. तो अगदी हळू म्हणाला, "पाया पडतो तुझ्या. माझी नोकरी आहे ही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

आणि तिने शिट्टी फुंकली. लोक वाटेने गेले. तो तिथेच दगडावर बसला, झेंडा गुडघ्यांवर आडवा धरून. ती त्याच्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर तिने जागा सोडली असती, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

साहेब तेव्हाही चिडले नाहीत. चौकशी बसली. चौकशीत नवऱ्याला विचारलं, बायकोला बाजूला व्हायला सांगितलं होतं का? तो म्हणाला, सांगितलं होतं. खरंच होतं ते. तिला कामावरून काढलं आणि तिच्या जागेवर त्याला कायम केलं. गणवेश नवा मिळाला. पट्टा मात्र तिचाच, भोकं तेवढी बदलली.

घरात बोलणं भाजीत मीठ किती एवढ्यापुरतं उरलं. तेही सासूबाईंच्या मार्फत.

साहेबांचा हुकूम होता, उतार झाकायचा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दौड आहे. त्यामुळे फांद्या बाजूला पडल्या त्या पडल्याच. गवतातली पट्टी उघडी राहिली आणि लोकांना ती सुचली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला ती दिसायची. आधी पिवळी, मग मातकट. दर रविवारी थोडी रुंद. भाजी चिरताना तिची सुरी थांबायची. एकदा सासूबाई म्हणाल्या, "खिडकीला पडदा लाव." ती म्हणाली, "साहेबांकडे नवे आहेत, त्यांचे मागून आणा."

एका रविवारी तिने जुने बूट घातले आणि ती फाटकावरच्या तिकीट खिडकीपाशी जाऊन रांगेत उभी राहिली.

"ताई, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे?" खिडकीतली मुलगी ओशाळली. "जा तुम्ही आत."

"घे. फुकट्याचं कोण ऐकतं? तिकीट काढलेल्याने जांभई दिली तरी इथे धावपळ होते."

वळणावर ती पोचली तेव्हा एक कुटुंब चटया आणि डबे घेऊन उतारावर पाय ठेवण्याच्या बेतात होतं. ती समोर जाऊन उभी राहिली.

"वाट तिकडून आहे, भाऊ."

"इकडूनही दिसतेय की."

"ती वाट नाही. ती जखम आहे. फिरा मागे."

"तुम्ही कोण सांगणाऱ्या?" त्या माणसाचा आवाज चढला. "आम्ही पैसे भरून आलोय."

"मीही भरून आलेय. म्हणून तर बोलतेय."

त्याने वरच्या बाजूने येणाऱ्या रखवालदाराला हाक मारली. रखवालदार आला. तो तिचा नवरा होता.

"या बाई आम्हाला अडवतायत. कोण आहेत या? इथल्या आहेत का?"

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. मग उघड्या पट्टीकडे. बराच वेळ.

"पर्यटक आहेत," तो म्हणाला. "तिकीट असेल त्यांच्याकडे."

तिने हात लांब करून तिकीट पुढे केलं, परक्याला द्यावं तसं. त्याने ते घेतलं, नियमाप्रमाणे कोपरा फाडला आणि परत दिलं. मग तो त्या कुटुंबाकडे वळला. "उतार बंद आहे. वाटेने चला."

"पण खाली ऑफिसात तर म्हणाले, उघडा आहे."

"मी बंद केलाय," नवरा म्हणाला. "तक्रार करायची तर माझ्या नावाने करा."

माणूस कुरकुरत डबे उचलून वाटेने गेला. ती दोघं उरली. तिने तिकिटाची घडी घालून पदराला बांधली. एवढ्याने भागलं असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

"घरी चल," तो म्हणाला. "आई जेवायची थांबलीय."

"फाटक पाचला बंद होतं. तिकीट तोवर चालतं."

"आणि पाचनंतर?"

"पाचनंतर बघू," ती म्हणाली. "आत्ता बाजूला व्हा. लोक येतायत."